अक्का, तू ‘स्कोप’ सांगितला नाहीस म्हणून

प्रिय अक्का,

हे तुला फोनवर सांगता आलं असतं. पण सध्या इंजिनिअरिंग प्रवेशाचे कॅप राउंड चालू आहेत आणि मागच्या वर्षी आमच्या घरात इलेक्ट्रिकल घ्यायचं की कॉम्प्युटर असा जो गोंधळ होता, तो आज सोलापुरात घरोघरी चालू असणार. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

सीईटीचा निकाल लागला आणि सल्ला द्यायला सगळेच आले. पप्पांच्या कारखान्यातले जॉबरकाका म्हणाले, कॉम्प्युटर घे, एसीत बसून पगार. मामांचं म्हणणं, इलेक्ट्रिकल घेतलं तर महावितरणात चिकटेल, त्यावर आजी, “पोरीनं खांबावर चढायचं का?” मावसभावानं तर प्रश्नच निकालात काढला : दोन्ही कर, आता दोन डिग्र्या एकदम चालतात.

तू एकटीनंच उत्तर दिलं नाहीस. “स्कोप मला माहीत नाही, चार वर्षांनी काय असेल ते कुणालाच माहीत नाही. सिलॅबस काढ,” म्हणालीस. तेव्हा खूप वैताग आला होता, खरं सांगते. पण दोन्ही शाखांचे विषय शेजारी शेजारी ठेवून तू जे दाखवलंस ते कुणीच दाखवलं नव्हतं. पहिलं वर्ष जवळपास सारखंच : गणित, भौतिकशास्त्र, थोडी वीज, थोडं प्रोग्रॅमिंग. दुसऱ्या वर्षापासून एकीकडं सर्किट, मशिन्स, पॉवर सिस्टिम, कंट्रोल. दुसरीकडं डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस. मग तुझा प्रश्न : “यातलं काय अडलं तर तू जेवण सोडून बसशील?”

दोन डिग्र्यांचं भूतही तूच उतरवलंस. यूजीसीनं २०२२ मध्ये दोन पदव्यांना मोकळीक दिली, पण दोन्ही वर्गात बसून करायच्या तर वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. इंजिनिअरिंगच्या दिवसभराच्या दोन-दोन प्रॅक्टिकलना हे जमायचं कसं? आपल्याकडचा खरा रस्ता मायनरचा, म्हणजे मुख्य पदवीला दुसऱ्या विषयाची छोटी जोड. तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एआयसीटीईच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात बी.टेक. १६० क्रेडिटची, आणि वर साधारण २० क्रेडिट जादा केले की दुसऱ्या विषयात मायनर. अमेरिकेत दोन विषयांत पदवी घेणारे पूर्वीपासून आहेत. क्लॉड शॅननचं नाव मी तुझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. १९३६ मध्ये मिशिगन विद्यापीठातून इलेक्ट्रिकल आणि गणित अशा दोन पदव्या, आणि १९३७ मध्ये एमआयटीतल्या प्रबंधात त्यानं दाखवलं, की रिलेंच्या, म्हणजे विजेनं चालू-बंद होणाऱ्या स्विचच्या, जोडण्या बूलच्या ‘खरं-खोटं’वाल्या बीजगणितात मांडता येतात. आजच्या डिजिटल सर्किटांचा पाया तो.

आणि रिले हे तुझं रोजचं काम! तुझ्या सबस्टेशनमधला, लाइनवरचा बिघाड ओळखणारा रिले कसा चालतो ते तू वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलंस. सीटीमधून (करंट ट्रान्सफॉर्मर) लाइनचा करंट लहान होऊन आत येतो, रिले त्याचे नमुने घेत राहतो, आतला प्रोसेसर गणित करतो आणि फॉल्ट दिसला की ब्रेकरला लाइन तोडायचा, म्हणजे ट्रिपचा हुकूम. आपल्याकडं ५० हर्ट्झ, म्हणजे एक सायकल २० मिलिसेकंदांची, आणि हा निर्णय मोजक्या सायकलींत व्हायला हवा. लाइन इलेक्ट्रिकलची, आतला प्रोग्रॅम कॉम्प्युटरचा. ते पान मी अजून फाडलेलं नाही. आजीच्या खांबाला उत्तरही तूच दिलंस, की इलेक्ट्रिकल म्हणजे नुसता खांब नव्हे : सोलापूर-रायचूर ७६५ केव्ही लाइन ३१ डिसेंबर २०१३ ला चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे वीज वाहून नेणारं जाळं, उरलेल्या देशाच्या ग्रिडशी एका फ्रिक्वेन्सीवर जोडलं गेलं. आपल्या गावाचं नाव चादरीशिवाय अशा ठिकाणी येतं हे आम्हाला कुणाला ठाऊक होतं? आजी त्यानंतर गप्प बसली. पटलं म्हणून की कंटाळून, देव जाणे.

इलेक्ट्रिकल घेतलं ते त्या पानामुळं. “कोडिंग काय, घरी पण शिकता येतं” असं म्हणणाऱ्यांना तू जे सुनावलंस तेही लक्षात आहे : कोडिंग म्हणजे कॉम्प्युटर इंजिनिअरिंग नव्हे. अल्गोरिदम आणि ऑपरेटिंग सिस्टिम एकट्यानं नीट शिकायला फार चिकाटी लागते. मात्र मशिन लॅबमधली मोटर कुणी घरी आणू शकत नाही, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटला. ज्याला प्रोग्रॅम लिहिताना वेळेचं भान राहत नाही, त्यानं माझं बघून इलेक्ट्रिकल घेऊ नये; माझी मैत्रीण कॉम्प्युटरला आहे आणि मजेत आहे.

अक्का, तू त्या दिवशी ड्यूटी करून आली होतीस. पप्पांनी तेच ते पुन्हा विचारलं, तू दर वेळी पहिल्यापासून सांगितलंस. ऑप्शन फॉर्म भरतानाही शेजारी बसलीस, पण माऊसला हात लावला नाहीस. त्याबद्दल मनापासून आभार, माझे आणि पप्पांचेही.

एका गोष्टीत मात्र आपलं जुळत नाही. मायनरमध्ये तू नेटवर्क आधी घे म्हणतेस, कारण सबस्टेशनमधली उपकरणं आता नेटवर्कवरच एकमेकांशी बोलतात. मला डेटा स्ट्रक्चर आधी हवंय. रविवारी घरी ये, भांडू.

तुझीच,
गल्लीतली धाकटी