डनॉटर कुणाच्या नावावर?

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, फोटो बघून तुम्ही विचारलंत, "एवढ्या किल्ल्याचा सातबारा कुणाच्या नावावर?" फेरफार बरेच आहेत, म्हणून लिहूनच पाठवते.

डनॉटर किल्ला स्कॉटलंडमध्ये, स्टोनहेवन गावाच्या दक्षिणेला, समुद्रात घुसलेल्या सुमारे ५० मीटर उंच कड्यावर आहे. पहिली भानगड जागेचीच. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सर विल्यम कीथ यांनी चर्चच्या जागेत दगडी गढी बांधली. बिशपने त्यांना बहिष्कृत केलं. तो बहिष्कार १३९५ मध्ये पोपच्या आज्ञापत्राने उठला, गढी मात्र तिथेच राहिली!

स्कॉटलंडचा मुकुट, राजदंड आणि तलवार इथे लपवली होती. इंग्लंडचा सेनानी क्रॉमवेल याच्या सैन्याने आठ महिने वेढा घातला. मे १६५२ मध्ये किल्ला पडला, पण हाती काहीच लागलं नाही. ऐवज आधीच जवळच्या किनेफ गावच्या चर्चमध्ये जमिनीखाली पुरला होता.

पण किल्ल्याची आजची दशा तोफांनी केली असं म्हणणं मला पटत नाही. ती केली विक्रीने. त्याच कीथ घराण्यातले दहावे अर्ल (सरदारकीचा किताब) जॉर्ज कीथ १७१५ च्या जॅकोबाइट बंडात, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठीच्या उठावात, सामील झाले, म्हणून सरकारने इस्टेट जप्त केली. १७२० मध्ये ती यॉर्क बिल्डिंग्ज कंपनीने घेतली. मूळची ही लंडनला पाणी पुरवणारी कंपनी! तिने छतं, लाकडी जमिनी, निघेल ते सगळं काढून नेलं. छप्पर गेलं की पाऊस भिंतीच्या माथ्यावरून आत उतरतो. दोन दर्शनी थरांमधली भर भिजते, चुना धुऊन जातो. थंडीत तेच पाणी गोठून फुगतं आणि दगड सुटतात.

माफी मिळाल्यावर जॉर्ज कीथनी १७६१ मध्ये किल्ला परत विकत घेतला आणि पाचच वर्षांत एडिंबरोचे वकील अलेक्झांडर कीथ यांना विकला. पुढे आणखी हात बदलून तो काउड्री घराण्याकडे आला. लेडी काउड्रींनी १९२५ पासून डागडुजी करवली. दिवाणखान्याचं छत तेव्हाचं आहे, त्याला जुनं समजू नका.

आजही मालकी खाजगीच. पण ही संरक्षित वास्तू असल्याने सरकारी परवानगीशिवाय मालकालाही तिथे काही बदल करता येत नाही.

आई, पायऱ्या दोनशेच्या आसपास आहेत. आधी खाली उतरायचं, मग वर चढायचं आणि येताना पुन्हा तेच. गुडघे कुरकुरले तर समोरच्या कड्यावरून अख्खा किल्ला दिसतो, तिथेच थांबू. वारा फार असेल तर दरवाजा बंद ठेवतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करायची.

तुमची,
मीना