पोरांच्या गुन्ह्याची नोंद वेळेत पुसा

संपादक साहेब,
नमस्कार.

आमच्या नाशिकच्या पंचवटीत नाहीतर सिडकोत कोयत्याची केस झाली आणि पोरगं सतराचं निघालं की सगळे म्हणतात वय कमी करा, मोठ्यांसारखी शिक्षा द्या. अहो, २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ते आहेच की, १६ ते १८ मधल्या पोराने किमान ७ वर्षं शिक्षेचा गुन्हा केला असेल तर बोर्ड, म्हणजे बाल न्याय मंडळ, चाचपणी करून मोठ्यांसारखा खटला चालवायला केस चिल्ड्रन्स कोर्टाकडे पाठवू शकतं. पुण्याच्या पोर्शे केसमध्ये सतराच्या पोराच्या गाडीने दोघं गेले आणि जामिनाला अट काय, तर ३०० शब्दांचा निबंध, त्यावर सगळा महाराष्ट्र भडकला, मीही भडकलो, पण किरकोळ केसमधल्या पोरांचं पुढे काय होतं हे कोण बघतंय?

माझं सातपूर एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक ड्रिल. मागच्या वर्षी ओळखीच्या एका ताईंनी रिमांड होममध्ये राहून आलेला मुलगा आणला. मोबाईल चोरीची केस, तेव्हा पंधराचा, आता एकोणीसचा. सुरुवातीला मी नुसती हाक मारली तरी हातातलं काम टाकून भिंतीपाशी उभा राहायचा, हात मागे बांधून. मला कसंतरीच व्हायचं बघून. पण हात चांगला हो त्याचा, तीन महिन्यांत व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) वाचायला लागला, ड्रॉइंग बघून जॉब लावायला लागला, जे आमच्या जुन्या कारागिराला सांगून सांगून घसा बसतो. मग एका मोठ्या कंपनीत जागा निघाली, पीएफ-बिएफ मिळेल म्हणून मीच पाठवला. चारित्र्य पडताळणीत जुनी केस वर आली आणि पोरगं गेटवरूनच परत.

आता त्याच कायद्याचं कलम २४ म्हणतं की बोर्डाने निकाली काढलेल्या केसमुळे मुलाला कुठेही अपात्र धरायचं नाही आणि रेकॉर्ड नष्ट करायचं. कधी? तर केंद्राच्या २०१६ च्या नमुना नियमांत अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा ७ वर्षं असं लिहिलंय. सात वर्षं! म्हणजे पंधराव्या वर्षी मोबाईल उचलला तर बाविशी उलटेपर्यंत ते कागद कुठल्यातरी कपाटात, आणि नोकरी शोधायचं वय नेमकं तेच. अठरानंतर २१ पर्यंत मदतीचीही सोय कायद्यात आहे, आमच्या पोराला विचारलं तर म्हणाला, "असं काही असतं होय काका?"

नियम करायचा अधिकार राज्याला आहे, २०१८ ला महाराष्ट्राने आपले नियम केलेही. मग त्यात एवढं घाला ना, की किरकोळ गुन्हा असेल तर अठरा पूर्ण झाले की नोंद पुसायची, पडताळणीत बोर्डाच्या केसेस धरायच्याच नाहीत, आणि नोंद पुसल्याचा कागद पोराच्या हातात द्यायचा. यात सरकारचा खर्च तरी काय होणार आहे?

मुलगा सध्या परत माझ्याकडेच आहे. आता दुसऱ्या एका कंपनीचा फॉर्म आणलाय, त्यात 'पूर्वी कधी गुन्हा दाखल झाला होता का' असा रकाना आहे. काका इथे काय लिहू, म्हणून दोनदा विचारून झालं त्याचं, फॉर्म अजून माझ्या ड्रॉवरमध्ये पडलाय.

एक वर्कशॉपवाला,
सातपूर, नाशिक