रिकामा पाय, भरलेला पाय

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मागच्या रविवारी फोनवर तू म्हणालीस, "हल्ली तुझा आवाज घाईचा येत नाही." मी "हो का?" म्हणून विषय बदलला, पण फोन ठेवल्यावर ते मनात घोळत राहिलं. उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

मी ताई-चीच्या, म्हणजे त्या संथ हालचालींच्या चिनी व्यायामाच्या, वर्गाला जाते, हे तुला ठाऊक आहेच. तिथे शिकवतात तो 24 हालचालींचा क्रम चीनमध्ये 1956 साली बसवला गेला. जुने क्रम फार लांबलचक, म्हणून सगळ्यांना जमेल असा हा आटोपशीर केला. पूर्ण करायला पाच-सहा मिनिटं लागतात. 'पांढरा करकोचा पंख पसरतो', 'ढगांसारखे हात' अशी त्यातल्या हालचालींची नावं. करताना खरोखर फार बरं वाटायचं. डोकं निवायचं, श्वास पोटापर्यंत उतरायचा.

पण आई, पहिले कितीतरी महिने ती शांतता वर्गाच्या हॉलच्या दारापर्यंतच टिकायची. एकदा वर्गाहून घरी आले तर दारातच लेकीचे बूट आडवे पडलेले. खांद्यावरची बॅगही उतरवली नव्हती आणि मी तिच्यावर ओरडले. ती काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्या रात्री मला झोप लागली नाही. एका तासाची शांतता घेऊन यायचं आणि दारातच ती सांडायची, तर मग जायचं तरी कशाला?

पुढच्या वर्गात मी सरांना हेच विचारलं. ते मनाबद्दल काहीच बोलले नाहीत. म्हणाले, "चालून दाखवा." मी चार पावलं चालले. त्यांनी माझ्या मागच्या पायाकडे बोट केलं. "हा रिकामा व्हायच्या आधीच तुम्ही उचलताय."

ताई-चीत पाय रिकामा असतो किंवा भरलेला. ज्यावर अंगाचा भार तो भरलेला. पाऊल टाकायचं तर आधी सगळा भार एका पायावर जाऊ द्यायचा. तो गुडघ्यातून, घोट्यातून तळव्यात उतरताना कळतो. मग दुसरा पाय इतका हलका होतो की उचलावा लागत नाही, आपसूक उठतो. टाच अलगद टेकवायची. अजून भार दिलेला नसतो, त्यामुळे वाटलं तर पाऊल मागेही घेता येतं. मी तोवर जन्मभर जवळजवळ पुढच्या पायावर पडतच चालत आले होते. त्या दिवशी तासभर फक्त हेच केलं, आणि मग लक्षात आलं की माझं सगळंच असं चालतं. ऑफिसातल्या वादात भार अडकलेला असताना मी घराचं दार उघडते, आणि निम्मं मन नुकत्याच ठेवलेल्या फोनमध्ये असताना जिना चढते.

आता दिवसातल्या काही जागा मी ठरवून घेतल्यात. जिन्याची पहिली पायरी, दाराची मूठ, वाजणारा फोन. मूठ हातात आली की ती गार लागते का ते बघते, दोन्ही तळवे जमिनीवर आहेत का ते बघते, एक श्वास पूर्ण सोडते आणि मगच दार ढकलते. दोन-तीन सेकंदांचं काम. याचा अर्थ मी घरभर संथ फिरते असा नाही. जपानी झेन या बौद्ध ध्यानपरंपरेत बसण्याच्या दोन सत्रांमध्ये चालण्याचं ध्यान असतं. सोतो पंथात ते एका श्वासाला अर्धं पाऊल इतकं हळू करतात, तर रिंझाई पंथात चांगलं झपझप. वेग कितीही असो, लक्ष पावलात हवं.

अंगुत्तर निकाय या बौद्ध ग्रंथात चंक्रमणाचे, म्हणजे येरझारा घालण्याचे, पाच लाभ सांगितलेत. शेवटचा असा, की चालताना लाभलेली समाधी दीर्घकाळ टिकते. मला हे अगदी पटतं. डोळे मिटून बसून मिळालेली शांतता उठताना हिंदकळते. चालताना मिळालेली मुळातच उघड्या डोळ्यांनी, हलत्या अंगात रुजलेली असते.

रोज जमतं असं नाही. कामाच्या गर्दीत कधी सबंध दिवस जातो आणि रात्री दिवा मालवताना आठवतं. पण परवा पुन्हा बूट दारात होते. मी आधी बॅग खाली ठेवली, खांदा हलका झालेला जाणवला, मग आत पाहिलं. लेक कागद चिकटवत बसली होती, दाही बोटांना गोंद. ती म्हणाली, "आई, दार लाव ना, कागद उडतात." मी दार लावलं आणि तिच्याजवळ जाऊन बसले.

आता तुझ्याबद्दल. बेल वाजली की तू खुर्चीतून ताडकन उठतेस आणि पहिलंच पाऊल तोल जाऊन पडतं. मला त्याची फार काळजी वाटते. ताई-चीच्या सरावाने वयस्कर माणसांचं पडणं कमी होतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. तू एवढंच कर. खुर्चीची पाठ धरून उभी राहा. भार डाव्या पायावर जाऊ दे, उजवा अगदी हलका झाला की टाच जराशी उचल, परत टेकव. मग दुसरी बाजू. गुडघे फार वाकवू नकोस, दुखलं तर थांब. बेल वाजली तरी आधी पाय भरू दे. दाराबाहेरचा माणूस थांबेल.

रविवारी व्हिडिओ कॉलवर आपण दोघी मिळून करू. फोन जरा खाली ठेव, मला तुझी पावलं दिसली पाहिजेत. बाबांना साष्टांग नमस्कार.

तुझी,
धाकटी