हरित प्रमाणपत्राचे गुण साइटवरच गळतात

मा. संपादक,

इंदूरचा सुपर कॉरिडॉर असो की बायपास, पर्यावरणपूरक इमारतीला मिळणाऱ्या हरित प्रमाणपत्राची तयारी पाया खोदण्याआधीच व्हायला हवी. सौर पॅनेल शेवटीही बसवता येतात. वाया गेलेली माती परत येत नाही. ‘गृह’ (GRIHA) या हरित इमारतींच्या भारतीय मानांकनात मातीचा वरचा २० सेंटिमीटरचा थर जपणं अपेक्षित आहे. इंदूरची काळी माती पोकलेनने एकदा मुरमात कालवली की बागेच्या कामाची राहत नाही. तिचा ढीग वेगळा लावून पावसाळ्याआधी झाकावा.

गुणांची खरी गळती कागदपत्रांत होते. राडारोड्याच्या प्रत्येक गाडीची वजनकाट्याची पावती, गाडी क्रमांक आणि माल कुठे उतरवला याची नोंद लागते. मुकादम पावत्या खिशात कोंबतो. थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत पुसट होऊ शकतात. त्याच संध्याकाळी फोटो काढून ठेवला तर निभावतं, वर्षाने कोण शोधणार?

रंगाचंही तसंच. आयजीबीसीच्या (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल) निकषांत आतल्या मॅट रंगाला बाष्पशील सेंद्रिय द्रव्यांची, म्हणजे हवेत उडून जाणाऱ्या रसायनांची (VOC) मर्यादा लिटरमागे ५० ग्रॅम आहे. ठेकेदार रंग बरोबर आणतो, पण प्रायमर आणि लाकूडकामाचा गोंद कोपऱ्यावरच्या दुकानातून उचलतो. खरेदीच्या ऑर्डरमध्येच प्रत्येक मालाची मर्यादा लिहावी आणि डबा उघडण्याआधी लेबल तपासावं.

— एक स्थापत्य अभियंता, इंदूर