'मी आलो' म्हणणारी बाई

मा. संपादक,
स. न.

आधुनिकतावादी, म्हणजे माणसाच्या मनात चालतं ते तसंच कागदावर आणू बघणाऱ्या, कथा-कादंबरीतल्या बायकांच्या भाषेवर गेल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. लंडन झालं, डब्लिन झालं, मग पुणे-मुंबई. आमच्या बाजूला लेखक वळलेच नाहीत. फार लांब यावं लागलं नसतं. संकेश्वरकडून बेळगावला येताना हायवेवर हत्तरगीचा टोलनाका लागतो, तिथून यमकनमर्डी हाकेवर. कमल देसाई १९२८ साली त्या गावात जन्मल्या. 'काळा सूर्य' आणि 'हॅट घालणारी बाई' लिहिणाऱ्या कमल देसाई. मराठीत या जातीचं लिहिणाऱ्या बायकांची नावं घ्यायची तर पहिल्या दोन-तिनात हे नाव यायला हवं, आणि अख्ख्या लेखात ते एकदाही नाही. (बेळगावची आठवण पेपरवाल्यांना सीमाप्रश्नाची तारीख आली की होते, त्याची आता सवय झाली आहे.)

पण एवढ्यासाठी मी पत्र लिहायला बसले नसते.

लेखात इंग्रजी लेखिका व्हर्जिनिया वूल्फ आहे. १९२३ साली डोरोथी रिचर्डसन या दुसऱ्या इंग्रजी लेखिकेच्या कादंबरीविषयी लिहिताना वूल्फनं म्हटलं होतं की, या बाईनं स्त्रीलिंगी म्हणता येईल असं एक वाक्य घडवलं आहे. लगेच पुस्तीही जोडली की अशी वाक्यं पुरुषांनीही लिहिली आहेत. याला बाईचं म्हणायचं ते बाईच्या मनात जे सापडेल ते न भिता सांगतं म्हणून. आता बघा, इंग्रजीत आला, आली, आलं या सगळ्यांना एकच रूप. क्रियापदात बाई कुठं दिसतच नाही, म्हणून त्या लोकांना ती वाक्याच्या लांबीत आणि ताणात शोधावी लागली. डब्लिनच्या जेम्स जॉईसनं १९२२ मध्ये 'युलिसिस' कादंबरीच्या शेवटी नायकाची बायको मॉली ब्लूम हिच्या मनातलं आठ लांबच लांब वाक्यांत ओतलं, विरामचिन्हं जवळपास नाहीतच. पुढे १९३८ साली रिचर्डसनबाईंनी लिहिलं की बायकी गद्याला विरामचिन्हं नसणंच बरोबर. मला त्यात थोडा मिश्कीलपणाही दिसतो.

मराठीत सगळं उलटं. 'मी आले' म्हटलं की संपलं, बोलणारी बाई हे कळलंच. (त्यातही गंमत आहे. 'मी केलं', 'मी लिहिलं', 'मी म्हटलं' यात ती दिसत नाही, तिथं क्रियापद कर्माकडं बघतं. गेली, रडली, झोपली की तेवढी दिसते.)

आणि आमच्याकडं तिथंही दिसत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, तिकडं चंदगड आणि वर कोल्हापूरपर्यंत बायका 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी बाजारला जाऊन येतो' असंच म्हणतात. आजी म्हणते, नातही म्हणते. मला हे कानडीच्या शेजाराचं देणं वाटतं. 'नानु बंदे' पुरुषानं म्हटलं काय नि बाईनं म्हटलं काय, रूप तेच. शहापुरात आमच्या गल्लीत एका घरात मराठी आणि दुसऱ्यात कानडी, मधल्या कट्ट्यावर दोन्ही. तिथं कोण कुणाचं व्याकरण उचलतं याचा हिशोब कोण ठेवणार?

आता मूळ गोष्ट. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं कथा लिहिली. साताऱ्याची मुलगी लग्न होऊन इथं बेळगावच्या वडगावात येते. सासू, जावा, नणंद सगळ्या 'आलो-गेलो' करणाऱ्या. ही एकटी 'आले-गेले' म्हणते, आणि तेवढ्यावरून ती घरात परकी. कुणी तिला छळत नाही की काही नाही. फक्त ती बोलली की नणंद फिस्सकन हसते. कथाभर तिच्या मनात जे चालतं तेही 'मी आले, मी बसले' असंच चालतं. शेवटी एका संध्याकाळी सासू मागच्या दारातून हाक मारते, हिचे हात पिठात, आणि ही आतूनच ओरडते, 'आलो आत्त्या!' कथा तिथं संपते. ती आपली झाली की हरवली, हे मुलीनं सांगितलेलं नाही. मला ते फार आवडलं.

कथा एका अंकात छापून आली तेव्हा सासूपासून नणंदेपर्यंत सगळ्या 'आले-गेले' म्हणत होत्या. आणि शेवटी, 'आले आत्त्या!' म्हणजे कथेत काही घडलंच नाही! विचारलं तर उत्तर आलं, लिंगाच्या चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या. मॉलीबाईला स्वल्पविराम लावायची कुणाची छाती झाली नसती. आमच्या नणंदेचा 'लो' मात्र पुसायला दोन मिनिटं लागत नाहीत.

रागावले खरी, पण रात्री झोप लागेना. बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. मुलीच्या वहीत 'मी शाळेत आलो' दिसलं की लाल शाईचा गोल, समासात 'ले', आणि अर्धा गुण कापलेला. या मुलीच्याही वहीत केलं असणार. तिनं एकदा विचारलेलं आठवतं, 'बाई, तुम्ही पण घरात आलो म्हणता की.' वर्ग हसला होता. मी तिला खाली बसवलं.

परीक्षेत 'आले' लिहावं, यावर माझं आजही दुमत नाही. पण कथेत माणसाच्या मनात जशी भाषा येते तशी कागदावर आणायची, हाच जर त्या शंभर वर्षांपूर्वीच्या मंडळींचा उद्योग होता, तर वडगावच्या स्वयंपाकघरातल्या मनाला पुण्याचं व्याकरण का लावायचं? आपल्या लेखकांनी या अंगानं पुन्हा लिहावं. यमकनमर्डीपासून सुरुवात केली तर उत्तमच.

एक विनंती. पत्र छापलंत तर शुद्धलेखन जरूर तपासा, माझे ऱ्हस्व-दीर्घ वयानुसार घसरलेत. पुढची एक ओळ तेवढी आहे तशी राहू द्या.

दूधवाला आलाय, मी जाऊन येतो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
शहापूर, बेळगाव