सेनापतीचे शिरस्त्राण हिरवे नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छोट्या ऐतिहासिक मूर्ती रंगवण्याच्या छंदाला आपल्या पुरवणीत जागा मिळाली, याचा मनापासून आनंद झाला. मात्र छायाचित्रातल्या ग्रीक सेनापतीचे शिरस्त्राण हिरवट काळे आणि अंगरखा पांढराशुभ्र होता. नवशिक्यांच्या हातून हे हमखास होते, म्हणून हे पत्र.

ब्राँझवरचा हिरवा रंग ते शतकानुशतके जमिनीत पुरलेले राहिल्यामुळे चढतो. अथेन्सचा सेनापती मिल्टायडीस याने ग्रीसमधल्या ऑलिम्पियाला देवाला वाहिलेले शिरस्त्राण आज तिथल्या संग्रहालयात जीर्ण दिसते, पण वाहिले तेव्हा ते चिंचेने घासलेल्या पितळी घागरीसारखे झळकत असणार. तीच झळाळी आणायची तर आधी गडद तपकिरी थर द्यावा. त्यावर ब्राँझ धातूरंगाचे दोन पातळ थर, आणि मग तपकिरी वॉश (पाण्यासारखा पातळ केलेला रंग) फक्त खाचांमध्ये सोडावा. तो सगळ्या शिरस्त्राणावर फिरवला की चमक मेलीच. शेवटी नाकपट्टी आणि डोळ्यांच्या कडांवर चार भाग सोनेरीत एक भाग चंदेरी. चंदेरी जास्त झाले तर ब्राँझचे पोलाद होते.

धातूरंगाच्या कुंचल्यासाठी पाण्याचा पेला वेगळा ठेवावा. नाहीतर त्यातली चकचकीत पूड चेहऱ्यावर आणि कापडावर उतरते, आणि ती नंतर निघत नाही. मॅट (बिनचमकीच्या) वार्निशने धातू निस्तेज होतो, म्हणून आधी त्वचा आणि कापड रंगवून वार्निश द्यावे, धातू सर्वांत शेवटी.

सगळेच चिलखत ब्राँझचे नसे. पुरातत्त्वज्ञ मानोलिस आंद्रोनिकोस यांना १९७७ मध्ये उत्तर ग्रीसमधल्या व्हर्जिना येथे सापडलेल्या, अलेक्झांडरचा बाप फिलिप दुसरा याच्या मानल्या जाणाऱ्या थडग्यात लोखंडी शिरस्त्राण होते आणि सोन्याच्या पट्ट्यांनी मढवलेले लोखंडी चिलखतही. मॅसिडोनियन राजा रंगवताना गडद लोखंडी करडा आणि त्यावर सोन्याच्या बारीक रेघा, हे अगदी बरोबर ठरते.

कापडाकडे तर जास्तच लक्ष हवे. जांभळा हा मॅसिडोनियात मानाचा रंग. अलेक्झांडरचा चिटणीस युमेनीस याने मॅसिडोनियन सरदारांना जांभळ्या टोप्या आणि झगे वाटले, ही राजाने द्यायची भेट होती, असे ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने लिहिले आहे. शंखातल्या गोगलगाईपासून काढलेला हा रंग निळसर नव्हे, करवंदाच्या रसासारखा लालसर घ्यावा: गडद लाल दोन भाग, जांभळा एक भाग. उजळ घड्यांसाठी त्यात पांढरा मिसळू नये, झगा खडू फासल्यासारखा दिसतो. त्वचेचा रंग थोडा थोडा मिसळत न्यावा. लेबनॉनमधल्या सिडोनला १८८७ मध्ये सापडलेल्या आणि आता इस्तंबूलमध्ये असलेल्या ‘अलेक्झांडर शवपेटी’वर मूळ रंगांचे अंश टिकून आहेत. संगमरवर पांढरे म्हणून माणसेही पांढऱ्या कपड्यांत, हा समज त्या एका पेटीने खोटा पाडला आहे.

घोडेस्वार घेतला असेल तर रिकीब (खोगिराला लटकणारी, पाय ठेवायची कडी) तपासावी. शिवाजी महाराजांचे अश्वारूढ पुतळे पाहून आपल्या डोळ्यांना तिची सवय झालेली असते, पण अलेक्झांडरच्या काळात ग्रीसमध्ये रिकीब नव्हती. स्वाराचे पाय मोकळे लोंबत. मूर्तीला रिकीब ओतलेली असेल तर ती कापून टाकावी.

आणखी एक, आपल्याकडच्या हवेपुरते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात स्प्रेचा मॅट वार्निश मारू नये. दमट हवेत त्यावर पांढरट धुके धरते आणि महिनाभराची मेहनत झाकोळते. जून ते सप्टेंबर प्रायमर (रंगाआधीचा पायाचा थर) आणि वार्निश दोन्ही कुंचल्यानेच, पातळ दोन हातांत लावावेत. प्रायमरच्या आधी मूर्ती कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुवावी. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग नखाने सोलून निघतो. कुंचला अगदी बारीक ०००चा नको, त्यावर रंग टोकाशी येण्याआधीच वाळतो. डोळ्यांची बाहुलीसुद्धा चांगल्या टोकाच्या १ नंबरने नीट काढता येते.

आपला वाचक,
डोंबिवली