कोट घे, पण हप्त्यावर नको

प्रिय सोनू,

नव्या नोकरीसाठी तू हप्त्यावर सूट घेतोयस, त्यावरून काल आपलं वाजलं; फोन आधी तू ठेवलास की मी, ते राहू दे. बाबा म्हणाले दोन दिवस त्याला काही बोलू नकोस, म्हणून लिहितेय. कपड्यांबद्दलच लिहिणार आहे, हप्त्यांचं काढणार नाही.

फोटोतला सूट छान आहे, पण काळा आहे रे. रोज ऑफिसला काळा फार औपचारिक दिसतो आणि त्याचा कोट दुसऱ्या पॅन्टवर सहसा शोभत नाही. त्यापेक्षा नेव्ही ब्लू कोट, दोन ग्रे पॅन्ट, पांढरे नि फिकट निळे मिळून चार शर्ट आणि ब्राऊन लेदरचे बूट, एवढ्यात महिना निघतो आणि कोणाला वाटतही नाही की तेच तेच घालतोयस. तुला आवडतो तो बटण-डाऊन कॉलरचा, म्हणजे कॉलरची टोकं बटणाने लागतात तो शर्ट बिनधास्त घे, ब्रूक्स ब्रदर्स या अमेरिकन कंपनीने तो शंभराहून जास्त वर्षांपूर्वी आणला आणि अजून चालतोय, पुढच्या वर्षी जुना वाटेल अशी भीती नाही.

सेकंडहँडला नाक मुरडू नकोस. फक्त खांदा बघ, शिवण बरोबर खांद्याच्या हाडाच्या टोकाशी यायला हवी, कारण कंबर आत घेता येते, बाही दोनेक सेंटीमीटर कमी करता येते, पण खांदा उसवायचा म्हणजे अख्खा कोट उसवण्यासारखंच, चांगला टेलरही नको म्हणतो. मागे कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला चिकटून बसली पाहिजे, फट नको. बाहीतून शर्टाचा कफ सेंटीमीटरभर दिसू दे. बाहीची बटणं खरी उघडणारी असतील तर आधी टेलरला विचार, काज पाडलेली बाही खालून कमी करता येत नाही. आणि खालच्या बटणाजवळचं कापड चिमटीत धरून दोन्ही थर वेगळे ओढून बघ, मध्ये तिसरा थर सुटा लागला तर आत कॅनव्हास, म्हणजे कोटाचा आकार धरणारं जाड कापड शिवलेलं आहे, असा कोट वर्षानुवर्षं टिकतो. आतला थर नुसता चिकटवलेला असेल तर कधीकधी ड्रायक्लीन करून करून छातीवर फोड आल्यासारखं कापड उठतं. असलं काही हप्त्यावर घेतलंस तर फोड येतील तरी हप्ते चालूच. बघ, आलाच विषय.

तुला आठवतं का, शाळेची पॅन्ट आखूड झाली की मी खालची घडी उसवून उंची वाढवायचे, तर जुन्या घडीची रेघ काही केल्या जायची नाही. मी ओलं फडकं ठेवून इस्त्री दाबायचे, तू बाजूला बसून त्या रेघेवर बोट फिरवत राहायचास. कधी तक्रार केली नाहीस. ताईने केली असती, तिने तर केलीच. काल तू म्हणालास 'तिथे सगळे बघतात', तेव्हा मला एकदम ती रेघ आठवली आणि म्हणूनच माझा आवाज चढला, तुझ्या कपड्यांवरून नाही. तू स्वतःच्या हिमतीवर तिथे पोचलायस, मी सगळ्यांना सांगत फिरतेय. पण पगार हातात यायच्या आधीच कोणाचं देणं डोक्यावर घेऊन तू त्या दारातून आत जावंस हे मला बघवत नाही.

परत लेक्चर झालं, सॉरी. बुटांचं राहिलं. एकच जोड रोज घालू नकोस, घामाने चामडं आतून ओलं होतं, ते वाळायला निदान एक दिवस लागतो. दुसरा जोड नंतर घे, पगारातून. काढले की आत लाकडी शू-ट्री, म्हणजे बुटाचा आकार धरणारा साचा घाल, सुरकुत्या कमी पडतात. वूलचा कोट सारखा धुवायला टाकू नकोस, ब्रश मारून रुंद खांद्याच्या हँगरला लाव. आणि त्या दुकानात ऑर्डर अजून रद्द होत असेल तर... तुझं तू बघ.

दादाचा राखाडी कोट पाठवू का? आत शिलाईत भरपूर कापड सोडलेलं आहे, मी उसवून बघितलं. तुझ्या अंगावर नीट बसणाऱ्या शर्टाचा खांदा या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत मोजून कळव, खांदा जुळला तरच पाठवते. बाबांच्या गुडघ्याचं शनिवारी फोनवर सांगते, काळजीचं काही नाही.

आई